लाभ, इची, नी

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि मी पाहिलं तेही विज्ञान शाखेचं. तिथे प्रयोगवहीत निष्कर्ष लिहायचा तो दोन ओळींत. एखाद्या गोष्टीवर चार पानं लिहायला बसणं मला अजूनही आगाऊपणाचं वाटतं, तेवढं वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. ज्या माणसाबद्दल हे लिहितो आहे त्याला वाचता येत नव्हतं, आणि त्याच्याशी जे बोलायला हवं होतं ते मी वेळेवर बोललो नाही. म्हणून हे धाडस.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. मी जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. एमआयडीसीत पाइप करणारा एक कारखाना होता, त्याची चिठ्ठी कॉलेजच्या फळ्यावर लागली. जपानहून नवं मशीन आलं आहे, ते बसवायला तिकडचा फिटर आला आहे, त्याच्या हाताखाली सुट्टीचे दोन महिने विज्ञानाचा विद्यार्थी हवा, इंग्रजी बोलणारा. मला इंग्रजी वाचता येत होतं, बोलण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. तरी गेलो. मुलाखतीला मी एकटाच होतो, म्हणून निवडला गेलो.

जाण्याआधी गावी जाऊन आलो. आमचं गाव पारोळ्याजवळ. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, मापाडी होते. बाजार समितीत तोवर काटे आले होते, पण आठवडे बाजाराच्या धान्याच्या ओळीत किरकोळ ज्वारी-बाजरी अजून पायलीनंच मोजली जायची आणि दोन्ही बाजूंचा विश्वास आबांच्या हातावर असायचा. माप भरायचं, वरून हात फिरवायचा, पोत्यात ओतायचं आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. पहिल्या मापाला मात्र आबा कधी 'एक' म्हणत नसत. म्हणायचे 'लाभ'. मग दोन, तीन, चार. आमच्याकडचे सगळेच मापाडी असं म्हणतात. पहिलं माप आकड्यानं सुरू करायचं नाही, बरकतीनं करायचं. मी लहानपणापासून त्यांच्याशेजारी बसून पोत्याचं तोंड धरलेलं. त्यामुळे माझ्या हातानं काहीही मोजायला घेतलं, मग त्या भाकरी असोत की वह्या, की पहिल्या वस्तूला ओठ आपोआप हलायचे. शहरात आल्यावर मुलं हसतील म्हणून मी ते तोंडातल्या तोंडात म्हणायला लागलो होतो, पण म्हणायचं सोडलं नव्हतं. ते सोडायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

कारखान्यात पहिल्याच दिवशी मी हबकलो. जपानी साहेबांना इंग्रजी येत नव्हतं. आमच्या समजुतीप्रमाणे शिकलेला माणूस म्हणजे इंग्रजी येणारा, आणि जितका पुढारलेला देश तितकं इंग्रजी जास्त. इथे तर इतकं मोठं मशीन बनवणाऱ्या देशाचा माणूस 'यस', 'नो' आणि 'टुमॉरो' एवढ्यावर थांबत होता. पन्नाशीचा, बुटका, गळ्याभोवती ओला टॉवेल गुंडाळलेला. जळगावचा मे महिना त्याला सोसत नव्हता, पण तक्रार करायला त्याच्याकडे शब्दही नव्हते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पाच बोटं पसरून हात पुढे केला आणि अंगठा आत मिटून म्हणाला, "इची."

मला वाटलं तो काही मागतो आहे. त्यानं पुढचं बोट मिटलं. "नी." मग "सान". पाचाला मूठ बंद झाली, सहाला करंगळी परत उघडली. तो मला आकडे शिकवत होता. आपण मोजताना मूठ उघडत जातो किंवा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवतो, हा माणूस उघडा हात मिटत चालला होता. एवढ्या साध्या गोष्टीतही जग उलटं असू शकतं, याचा मला खरोखरच धक्का बसला. रात्री खोलीवर जाऊन मी तसा हात मिटून पाहिला तर दोनदा चुकलो.

त्याची कामाची पद्धत मात्र मला ओळखीची वाटली. तो प्रत्येक वस्तूकडे बोट रोखायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. मनात मोजणं त्याला मान्यच नव्हतं. एकानं हाताळून आकडा पुकारायचा आणि दुसऱ्यानं यादीवर खूण करायची, अशी रीत होती. पुकारणं जपानीत, कारण खूण तो करणार. डोळे मिटले तर आवाजाची ती ठेवण थेट पारोळ्याच्या बाजारातली होती.

कारखान्यात एक म्हातारे हमाल होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे. मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी. मशीनच्या लाकडी पेट्या उघडायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी मला दुसऱ्याच दिवसापासून 'जपानी मास्तर' म्हणायला सुरुवात केली. माझ्या डब्यात फक्त भाकरी आणि चटणी असते हे पाहिल्यावर आपल्या डब्यातलं वांग्याचं भरीत ते न विचारता माझ्या भाकरीवर ठेवायचे, आणि वर चिडवायचे की इतके आकडे शिकतो आहेस तर जपानमध्ये भाकरीला काय म्हणतात तेही विचार, तेच कामाला येईल. मी विचारलं तर साहेबांनी खूप विचार केला आणि मान हलवली. नाना म्हणाले, ज्या देशात भाकरीला शब्द नाही तिथलं मशीन कितपत चालेल ते पाहू.

आणखी एक गंमत झाली. चार आणि सात या आकड्यांना तिकडे दोन-दोन नावं आहेत असं निघालं. साहेब चाराला कधी 'शी' म्हणायचे, कधी 'योन'. सात म्हणजे 'शिची', पण कामाच्या वेळी ऐकण्यात घोटाळा नको म्हणून 'नाना'. झालं. मी सात म्हटलं की पलीकडून नाना "काय रे?" म्हणून ओ द्यायचे. साहेबांना ते कळल्यावर तेही मुद्दाम सातावर थांबायचे आणि पेट्यांच्या मागे पाहायचे.

आठवड्यात मी वीसपर्यंत पोचलो. दहाला 'जू', अकरा 'जूइची', एकोणीस 'जूक्यू', वीस 'निजू'. मला वाटलं आता जिंकलं. मग साहेबांनी पाइपांच्या ढिगाकडे बोट केलं आणि म्हणाले, "इप्पोन, निहोन, साम्बोन." मी थिजलोच. आठ दिवस घोकलेलं सगळं खोटं होतं की काय? खुणांनी समजावून घेतलं तेव्हा कळलं की लांब वस्तू मोजायचे शब्द वेगळे, कागदासारख्या पातळ वस्तूंचे वेगळे, आणि माणसांचे तर आणखी वेगळे. माझा पडलेला चेहरा पाहून साहेब हसले आणि म्हणाले ते बहुधा असं होतं की तू आपला साधंच मोज, मला समजेल.

पण मला साधंही चुकायचं नव्हतं. कारखान्याच्या मागे झाडलोटीचा ढीग पडलेला असायचा, त्यातून मी वॉचमनला विचारून मूठभर गंजके नट उचलले आणि रुमालात बांधून पिशवीत ठेवले. संध्याकाळी खोलीवर ते या ढिगातून त्या ढिगात टाकत मी आकडे म्हणायचो. एकूण किती होते ते मराठीत कधी मोजलं नाही. वीस संपले की परत पहिल्यापासून. शिकवायला कोणी नव्हतं आणि चूक दाखवायलाही कोणी नव्हतं.

एका दुपारी माझे हात ऑइलनं भरले होते म्हणून मी नानांना पिशवीतून माझा डबा काढायला सांगितलं. त्यांनी डबा ओढला तसा रुमाल बाहेर येऊन सुटला आणि नट फरशीवर सांडले. नानांनी ते एकेक करून वेचले, रुमालाला घट्ट गाठ मारली आणि पिशवीच्या तळाशी सरकवून दिला. त्या दिवशी त्यांनी भरीत वाढलं, पण थट्टा केली नाही. उन्हानं थकले असतील असं मला वाटलं.

दोनच दिवसांनी मशीनच्या पायाचे बोल्ट मोजायचे होते. अकरा खोकी, प्रत्येकात वीस, असं यादीत लिहिलेलं. मोजायला मला बसवलं, कारण आता मला येत होतं. साहेब थोडं पलीकडे, माझ्याकडे पाठ करून, दुसऱ्या पेटीतले भाग तपासत होते आणि माझा आवाज ऐकून यादी भरत होते. मी एकेक बोल्ट उचलून बाजूला ठेवत आकडा पुकारत गेलो. सातावर नानांनी ओ दिली नाही, ते पेटीचे खिळे काढत होते. खोकं संपलं तेव्हा माझ्या तोंडात आकडा होता जूक्यू. एकोणीस.

साहेब वळले, परत मोज अशी खूण करून त्यांनी पुन्हा यादीत डोकं घातलं. मी परत मोजलं. जूक्यू. दुसरं खोकं, जूक्यू. तिसरं, जूक्यू. अकराच्या अकरा खोक्यांत एकेक बोल्ट कमी. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या देशातून निघालेल्या पेटीत एक कमी असूच शकत नाही, हे त्यांच्या तोंडाकडे पाहून कोणालाही कळलं असतं.

मॅनेजर आले. त्यांच्यासमोर मी पुन्हा सगळी खोकी मोजली, जपानीतच, साहेब यादीवर डोळे लावून खुणा करत असताना, घामानं निथळत, आणखी सावकाश, आणखी काळजीनं. तेच. मॅनेजर म्हणाले की चोर हुशार आहे. एका खोक्यातून अकरा नेले असते तर लगेच दिसलं असतं, म्हणून प्रत्येकातून एकेक नेला. हे ऐकून मला त्या न पाहिलेल्या चोराच्या डोक्याची भीतीच वाटली. पेट्यांजवळ जाणारे आम्ही तिघंच, साहेब, नाना आणि मी. मॅनेजर म्हणाले, संध्याकाळपर्यंत कोणी बोललं नाही तर पोलीस येतील, आणि तुझ्या कॉलेजलाही पत्र जाईल. मी काही केलं नव्हतं, पण कॉलेजचं पत्र आबांना कोण वाचून दाखवणार, एवढंच डोळ्यांपुढे आलं.

नाना पुढे झाले. डोक्याची टोपी काढून हातात धरली होती. म्हणाले, "मीच नेलात, साहेब. भंगारमा दिधात."

त्यानंतर बोल्ट परत मोजायचं कोणाला सुचलं नाही. चोर सापडल्यावर मोजायचं कशाला? खोकी बंद करून बाजूला ठेवली आणि मॅनेजरनी नानांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. म्हाताऱ्याकडे पाहून पोलिसांचं राहू दिलं.

गेटवर नाना माझ्यासाठी थांबले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "शिकाले उना ना तू? मंग नुसतं शीक." शिकायला आलास तर फक्त शीक, एवढंच. मी खांदा काढून घेतला. चोरी करून वर मला उपदेश करणाऱ्या माणसाचं भरीत मी महिनाभर खाल्लं, याची मला शिसारी आली होती. ते गेले. मी वळूनही पाहिलं नाही. इतकं स्पष्ट लिहिताना हात जड होतो, पण झालं ते असं झालं.

दुसऱ्या दिवसापासून पुकारायचे साहेब आणि खूण करायचो मी. सात आला की पेट्यांच्या मागून काही आवाज येत नसे. साहेब तिथे क्षणभर थांबायचे आणि मग पुढे जायचे.

त्या आठवड्यात सुट्टी धरून मी गावी गेलो. बाजाराचा दिवस होता. एसटीतून उतरलो तो सरळ धान्याच्या ओळीत जाऊन आबांपाशी बसलो आणि पोत्याचं तोंड धरलं. दुपारी गिऱ्हाईक विरळ झालं तेव्हा आबांनी विचारलं की तुझी ती जपानी मोजणी कशी असते, म्हणून दाखव. मी इची नी सान म्हटलं. त्यांनी तीन-चारदा म्हणवून घेतलं आणि मग हसत हसत घरच्या बाजरीचं माप भरून ओतलं. "लाभ." दुसरं ओतलं. "नी." तिसरं. "सान."

आजूबाजूचे मापाडी खो-खो हसले. मी आबांना म्हटलं की चुकलं, इची राहिलं. त्यांच्या हातातून माप घेतलं आणि करून दाखवलं. पहिलं माप ओतताना सवयीनं ओठ हलले, लाभ. दुसऱ्याला मी मोठ्यानं म्हणालो, "इची."

आबांनी माझा हात धरला. "लाभ म्हणजेच एक ना रे. मंग दुसरा मापले एक कसा म्हणस?"

माप माझ्या हातातच राहिलं. आपल्या मोजणीत लाभ एकाच्या जागी बसतो, म्हणून त्यानंतर दोन येतात. पण जपानी आकडे मी इचीपासून ओळीनं घोकले होते. हातानं पहिली वस्तू उचलली की ओठ लाभ म्हणायचे आणि घोकलेली ओळ दुसऱ्या वस्तूपासून सुरू व्हायची. पहिला बोल्ट लाभात जायचा. अकरा खोकी, अकरा बोल्ट. मराठीत मोजले असते तर ही चूक मी जन्मात केली नसती. आणि ज्या माणसाला सही करता येत नव्हती त्यानं ती एका मापात पकडली होती.

मी त्याच पावली जळगावला परत निघालो. एरंडोलपर्यंत मला बसायला जागा मिळाली नाही आणि ते बरंच झालं, बसवलं नसतंच.

साहेबांना सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती. मी एक खोकं उघडलं, पहिला बोल्ट उचलला, ओठांकडे बोट करून "लाभ" म्हटलं आणि तो बाजूला ठेवला. मग दुसरा उचलून "इची". ते पाहत राहिले. त्यांनी खोकं आपल्याकडे ओढलं आणि स्वतः मोजलं. निजू. दुसरं. निजू. अकराही खोकी त्यांनी मोजली आणि प्रत्येक वेळी निजू म्हणताना त्यांचा आवाज खाली जात होता. शेवटी त्यांनी आपल्या पाठीला हात लावून दाखवला. पाठ करून उभा होतो, बोट रोखलं नाही, असं ते सांगत होते. मला वाटलं होतं ते माझ्यावर ओरडतील. ते स्वतःवरच चिडले होते.

मॅनेजर म्हणाले की नानांना बोलावून घ्या, आजपासून कामावर. मी विचारलं, बोल्ट गेलेच नव्हते तर त्यांनी कबूल का केलं? मॅनेजर म्हणाले, भीतीनं माणूस काहीही कबूल करतो. मला ते पटलं. मी स्वतः किती घाबरलो होतो ते मला माहीत होतं.

साहेब माझ्याबरोबर आले. नानांची खोली रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वस्तीत होती. दाराला कुलूप होतं. शेजारच्या अक्कांनी सांगितलं की दोघं नवरा-बायको चार दिवसांपूर्वी सुरतच्या गाडीनं गेले, उधन्याला मुलीकडे. वस्तीत चोरीची गोष्ट पसरली, मग त्यांना राहवेना. साहेबांना मी खुणेनं सांगितलं, गेले. त्यांनी टोपी काढली आणि त्या कुलपासमोर इतका वेळ उभे राहिले की पोरं जमली. मला कुठे पाहावं ते कळेना.

अक्कांकडून मिळाला तसा अर्धामुर्धा पत्ता घालून मी कार्ड टाकलं, उत्तरासाठी खाली आबांचा गावचा पत्ता दिला. मोजणी माझी चुकली, बोल्ट सगळे आहेत, तुमच्यावर आळ नाही, कामावर परत बोलावलं आहे, मला माफ करा. उत्तर नाही. आणखी दोन कार्डं टाकली. साहेब मशीन सुरू करून मायदेशी गेले. मी बी.एस्सी. झालो. नानांना कार्ड मिळालं की ते अजून स्वतःला हाकललेला चोरच समजून कुठे बसले आहेत, हे मला कळत नव्हतं. कुठेही मोजायला बसलो तरी सातावर अडखळायचो.

दीड वर्षानं, थंडीत, घरी गेलो होतो. जेवताना आबांनी सांगितलं की परवाच्या बाजारात एक उधन्याचा माणूस मापाड्याचं घर विचारत आला होता, नानांचा जावई. पारोळ्याला लग्नाला आला होता. तीनपैकी एक कार्ड फार फिरून त्यांना पोचलं होतं. नातवानं ते वाचून दाखवलं. नानांनी ते तीनदा वाचायला लावलं.

मी विचारलं, मग? रागावले का?

आबा म्हणाले, नाही, हसला म्हणे म्हातारा. कामावर यायला आता डोळे राहिले नाहीत असं सांगितलं, आणि सगळ्यांना गूळ वाटला. जावयाला म्हणाला, "म्हणजे पोऱ्यानी नही नेलात. मी त्याना रुमालमा नट देखेल व्हतात."

एवढं सांगून आबा भाकरीचा तुकडा मोडायचे थांबले आणि माझ्याकडे पाहायला लागले.

"कसाना नट व्हतात रे त्या?"